उजेड हवा, उधळपट्टी नको

विजेचे बिल हाती पडले की घरोघरी दरवाढीची चर्चा रंगते, वीज कंपनीला दूषणे दिली जातात आणि बिल भरले की विषय संपतो. दर ठरविणे ग्राहकाच्या हाती नाही, हे खरेच. परंतु वापर ठरविणे पूर्णतः त्याच्याच हाती आहे. त्याचा प्रारंभ घरातल्या दिव्यापासून व्हावयास हवा.

जुना पिवळा बल्ब घेतलेल्या विजेपैकी जेमतेम पाच टक्के विजेचा प्रकाश करीत असे. उरलेली उष्णतेत जाई. दिव्याच्या नावाने आपण शेगडीच पेटवीत होतो! साठ वॅटचा असा बल्ब रोज पाच तास जळला, तर महिन्याला ९ युनिट लागतात. जवळजवळ तेवढाच उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. निळ्या एलईडीच्या ज्या शोधामुळे हा पांढरा प्रकाश शक्य झाला, त्यासाठी जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जानेवारी २०१५ मध्ये आरंभलेल्या आणि पुढे 'उजाला' नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वितरित झाले. एकत्रित खरेदीमुळे किंमत कोसळली आणि श्रीमंतांची वस्तू सामान्यांच्या घरात आली.

तरीही काम पुरे झालेले नाही. बल्ब बदलले, पण अनेक घरांत जुन्या ट्यूबलाइट तशाच आहेत. चाळीस वॅटची ट्यूब आणि तिचा जुना चोक मिळून पन्नासहून अधिक वॅट घेतात. वीस वॅटची एलईडी ट्यूब तेच काम करते. रोज पाच तास जळणाऱ्या अशा चार ट्यूब बदलल्या, तर महिन्याला सुमारे १८ युनिट वाचतात. युनिटमागे दहा रुपये धरले, तरी वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक रुपये झाले. शिवाय महाराष्ट्रात घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. शंभर युनिटांपुढे प्रत्येक युनिट अधिक महाग. त्यामुळे वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातूनच वजा होते. मोजक्या मिळकतीच्या कुटुंबाला ही रक्कम किरकोळ नाही. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून निघू शकतो.

मात्र येथेच एक मोह उभा राहतो. 'एलईडीला वीज कितीशी लागते?' असे म्हणत रिकाम्या खोलीत दिवे जळत राहतात, एका दिव्याच्या जागी छतावर आठ दिवे येतात आणि सोसायटीच्या जिन्यातले दिवे भर दुपारी तळपतात. यंत्राने वाचविले ते सवयीने गमावले, असा हा प्रकार आहे.

२००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले आहे. विजेचे मोल त्या अंधाराने शिकविले होते. उजेडात ते विसरू नये. दिवा बदलणे हे एका दिवसाचे काम आहे, खोलीबाहेर पडताना बटण बंद करणे हा रोजचा संस्कार. दोन्ही जमले, तरच बचत खरी.