परवान्याआधीचे ५०० तास

डी.फार्म.ची परीक्षा झाली म्हणून फार्मसी कौन्सिलमध्ये लगेच नाव नोंदवता येत नाही. त्याआधी किमान तीन महिन्यांत विभागलेले ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हे तास सही-शिक्क्यापुरते उरणे परवडणारे नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या सिकलसेलच्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया रोज का घ्यायचे, हे पावरीत किंवा भिलीत समजावणे पुस्तकातून येत नाही. ते काउंटरवर उभे राहूनच अंगवळणी पडते. म्हणूनच या अंकात आम्ही नियमांपेक्षा कामावर भर दिला आहे: चिठ्ठी वाचणे, मात्रा पडताळणे, मुदत तपासणे, औषध देताना रुग्णाशी बोलणे. विद्यार्थी, औषध दुकानदार आणि प्राध्यापक मंडळींनी आपले अनुभव आम्हाला जरूर कळवावेत, खटकलेलेही लिहावेत.