गाडी विजेची, पण चार्जिंग जिन्याखाली?

आकुर्डीत 2022 पासून बजाजच्या नव्या कारखान्यात विजेवरची चेतक बनते. चाकणला महिंद्राच्या विजेवरच्या मोटारी बनतात. आता डिलिव्हरी करणाऱ्या आपल्या मुलांच्या हातीही विजेची स्कूटर येऊ लागली आहे. आम्हाला याचा आनंदच आहे. पहाटे रस्ता झाडणारी सफाई कामगार भगिनी आणि दिवसभर चौकात उभा असलेला हातगाडीवाला यांच्याइतका धूर दुसरे कोण गिळते? तो कमी झाला तर पहिला श्वास त्यांनाच मोकळा मिळेल.

पण हमरस्त्यावर आणि मॉलसमोर चार चार्जिंग स्टेशने उभारली की शहर सज्ज झाले, हे आम्हाला मान्य नाही. गाडी चार्ज होते ती बहुधा रात्री, घरापाशी. बंगलेवाल्याला स्वतःचे पार्किंग आहे. चिखलीच्या घरकुलात किंवा चाळीत राहणाऱ्याने काय करायचे? तो तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडतो, तिला जुना एक्स्टेंशन बोर्ड जोडतो आणि गाडी जिन्याखाली लावतो. नाहीतर बॅटरी काढून घरात, दाराजवळ ठेवतो. स्कूटरचा चार्जर साधारण इस्त्रीइतकी वीज ओढतो, तीही सलग चार-पाच तास. जुन्या वायरिंगला हे झेपत नाही.

30 ऑगस्ट 2023 च्या पहाटे चिखलीतल्याच पूर्णानगरात एका इलेक्ट्रिक-हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली. तिथेच राहणाऱ्या कुटुंबातील चौघे गेले, त्यांत दोन मुले होती. त्या आगीचा संबंध आम्ही गाड्यांशी जोडत नाही. पण झोपेत आग लागली आणि बाहेरची वाट सापडली नाही तर काय होते, हे चिखलीला वेगळे सांगायला नको. लिथियम बॅटरी पेटली तर एका सेलची आग दुसऱ्याला लागते, विझल्यासारखी वाटून पुन्हा भडकते. तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुस जाळणारे हायड्रोजन फ्लोराइड असते. जिन्यात हा धूर भरला तर वरच्या मजल्यांनी उतरायचे कुठून?

म्हणून जिन्यात, दारात किंवा झोपायच्या खोलीत चार्जिंग नको. गाडीसोबत आलेलाच चार्जर वापरा, तोही अर्थिंग असलेल्या भिंतीच्या सॉकेटला. चालवून आल्यावर बॅटरी गार होऊ द्या. फुगलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी चार्ज करू नका आणि ती भंगारात विकूही नका. कुदळवाडीची गोदामे फेब्रुवारी 2025 मध्ये पाडली, म्हणून भंगार फोडणारे हात थांबलेले नाहीत, आणि ते हात आपल्याच माणसांचे आहेत. 2022 च्या नियमांनुसार निकामी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. ती शोरूमवरच द्या.

मात्र सगळा भार रहिवाशावर टाकणे हा अन्याय आहे. ज्याच्याकडे जागाच नाही त्याने सुरक्षित जागा आणायची कुठून? बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमसदस्य होते, तेव्हा विजेचा विषयही त्यांच्याकडेच होता. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हा त्यांचा आग्रह. चाळीपर्यंत ती सुरक्षितही पोचावी, एवढे आम्ही त्यात जोडतो. महापालिका आणि महावितरण यांनी मिळून घरकुल व पुनर्वसनाच्या प्रत्येक इमारतीबाहेर, जिन्यापासून दूर, स्वतंत्र मीटर आणि ब्रेकर असलेली चार्जिंगची जागा द्यावी. दाट वस्तीत बॅटरी बदलून मिळण्याचे केंद्र असावे. सोसायटीच्या येत्या बैठकीत हा ठराव घ्या आणि प्रत क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घ्यायला विसरू नका.