गाडी दाजींची, पैसे दाजींचे, वायफायही दाजींचंच?

आमच्या दाजींनी दिवाळीत इलेक्ट्रिक गाडी घेतली. ऑन रोड पंधरा लाखांच्या पुढे, निम्मं कर्ज. पेढे वाटले, मीही दोन खाल्ले.

गेल्या महिन्यात रिव्हर्स टाकला की मागच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन काळा पडायला लागला. कधी दिसतं, कधी नाही. अंगणात दोन नातवंडं खेळत असतात. म्हणून गाडी मागे घेताना आमची ताई मागं उभी राहून हात दाखवायची. पंधरा लाखांच्या गाडीला घरचा क्लीनर!

सर्व्हिस सेंटर ८० किलोमीटरवर. मी फोन लावला. उत्तर आलं, "सर, नवीन अपडेटमध्ये सॉल्व्ह झालंय. गाडी घरच्या वायफायला जोडा, आपोआप होईल."

आता हे 'आपोआप' कसं झालं ते ऐका. राउटर माडीवर, गाडी अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये, मध्ये दगडी भिंत. सिग्नलची एक काडी, तीही येऊन-जाऊन. मग मी फोनचा हॉटस्पॉट लावला, तर गाडीला तो दिसेचना. शेवटी फोनच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ बदलून २.४ केलं, तेव्हा दिसला. निम्म्याच्या पुढं डाउनलोड झालं आणि लाइट गेली, मागोमाग टॉवरही. तिसऱ्या रात्री दीड वाजता अपडेट पूर्ण झालं. कॅमेरा आता नीट चालतोय.

संपला विषय? नाही मंडळी, विषय इथूनच सुरू होतो.

ब्रेकचं पॅड खराब निघालं असतं तर कंपनी म्हणाली असती का, "पार्सल पाठवलंय, घरी बसवून घ्या"? मग कॅमेरा चालवणारं सॉफ्टवेअर हा गाडीचा पार्ट नाही का?

अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने सुमारे २० लाख गाड्यांच्या ऑटोपायलटची दुरुस्ती केली. दुरुस्ती सॉफ्टवेअरनेच, गाडी गॅरेजला न नेता. तरीही तिथल्या सरकारी यंत्रणेकडे त्याची 'रिकॉल' म्हणून नोंद झाली. दोष जाहीर झाला, सगळ्यांना कळला.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं. चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका होईल असा दोष असेल, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. त्यासाठी मालकांच्या तक्रारी हा एक आधार धरला जातो. पण प्रत्येक दाजी रात्री दीड वाजता आपल्याच हॉटस्पॉटवर गुपचूप दोष दुरुस्त करून झोपले, तर तक्रार नोंदवणार कोण? दोष होता हेच कागदावर येत नाही. कंपनीची दुरुस्तीही फुकटात, आणि अब्रूही शाबूत!

कुणी म्हणेल, मग पेट्रोलची घ्यायची होती. अजिबात नाही. गाडी चांगली आहे, खर्च कमी आहे. घरबसल्या अपडेट होणं ही तर सोयच, ८० किलोमीटरचा हेलपाटा वाचतो. पण सोय म्हणून आलेली गोष्ट जबाबदारी झटकायला वापरू नका.

मागणी साधी आहे. सुरक्षेशी संबंधित अपडेट असेल तर मालकाला लेखी कळवा, दोष काय होता ते मराठीत सांगा. ज्याच्याकडे नेट नाही त्याच्या दारात माणूस पाठवून फुकट करून द्या. आणि त्याची जॉबकार्डवर नोंद करा.

तोवर आपणही एक करू. गाडीत काही बिघडलं तर नुसता फोन करू नका, ईमेल करा, उत्तर जपून ठेवा. अपडेटच्या आधी बिघाडाचा व्हिडिओ काढा. मी काढला नाही, ती माझी चूक. आज कॅमेरा चालतोय आणि कालचा पुरावा माझ्याकडे नाही.

तुमच्या गाडीचं असं काही झालं असेल तर कमेंटमध्ये लिहा. बातमी करायची माझी तयारी आहे.