त्वचेचा रंग हाच पहिला धडा

तुळशीची लग्ने लागली, की आपल्या व्यवसायाचा हंगाम सुरू होतो. मुहूर्तामागून मुहूर्त येतात, मेमरी कार्डे भरत जातात आणि स्टुडिओत एखादा नवा मुलगा किंवा मुलगी संगणकापुढे येऊन बसते. कॅमेरा हाती देण्याआधी नवख्यांकडे एडिटिंग सोपवायची आपली रीत आहे, आणि ती चांगली आहे. शेकडो फोटो नजरेखालून गेले की प्रकाश कळू लागतो. पण पहिल्या दिवशी आपण त्यांना शिकवतो काय? प्रीसेट लाव, चेहरे उजळ कर, पुढचा फोटो घे. नवोदितांसाठी काढलेल्या या अंकाच्या निमित्ताने आमची स्टुडिओचालकांना आग्रहाची विनंती आहे, की हा धडा बदलावा. माणसाच्या त्वचेचा खरा रंग राखायला आधी शिकवावे. एडिटिंगची बहुतेक मूलतत्त्वे त्या एका कामातच येऊन जातात.

हळदीचा फोटो घ्या. पिवळी साडी, झेंडूच्या माळा, मागे पिवळा पडदा. एवढा पिवळा रंग दिसला की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स अनेकदा तो कापायला जातो आणि नवरीच्या चेहऱ्यावर निळसर, आजारी छटा चढते. म्हणून कोणत्याही स्लायडरला हात लावण्याआधी व्हाइट बॅलन्स. ड्रॉपर घेऊन फोटोतल्या तटस्थ करड्या जागेवर टिचकी मारायची. पांढरे उपरणे किंवा अंतरपाट अडीअडचणीला चालतो. पण नव्या पांढऱ्या कापडात चकाकी आणणारी रसायने असतात आणि फ्लॅशमध्ये ते निळे मारते. त्यापेक्षा प्रकाश बदलेल तिथे ग्रे कार्डाचा एक फोटो घेऊन ठेवावा. हॉलमधले पिवळे दिवे सुमारे 3000 केल्विनचे आणि दारातून येणारा दिवसाचा उजेड सुमारे 5500 केल्विनचा, अशी सरमिसळ असेल, तर एका आकड्याने दोन्ही बाजू सुधारत नाहीत. तिथे चेहऱ्यापुरता मास्क लागतो, हेही नवख्याला तेव्हाच दाखवावे.

त्यानंतर एक्स्पोजर. मांडवाच्या कडेला, पाठीमागे ऊन असताना चेहरा काळवंडतो. फाइल रॉ असेल तर तो सहज वर काढता येतो, कारण 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 16,384 पायऱ्या असतात. जेपेगमध्ये फक्त 256. जेपेगमधली गडद सावली ओढून वर काढली की रंगाचे पट्टे आणि ठिपके दिसू लागतात. हिस्टोग्राम उघडून हा फरक शिकाऊला दाखवा. अंधारात गेलेल्या चेहऱ्यावर प्रकाश आणणे हे आपले कामच आहे. डार्करूममध्येही प्रिंट काढताना आपण तेच करत होतो. सावळा चेहरा गोरा करणे मात्र वेगळे. त्यात प्रकाश सुधारत नाही, माणूस बदलतो.

ही सवय आली कुठून, हेही समजून घेतले पाहिजे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नसे. त्यामुळे आपली गहूवर्णी, सावळी त्वचा होती त्याहून काळी उमटे, आणि रिटचर बारीक पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर तासन्‌तास काम करत. फिल्मने केलेला अन्याय ते हाताने भरून काढत होते. आजच्या सेन्सरला लाल रंग नीट दिसतो. गरज संपली, सवय उरली. आता नारिंगी रंगाची ल्युमिनन्स वाढवून एका झटक्यात सगळे चेहरे पांढरे केले जातात, आणि त्याच झटक्यात हळद फिकी होते, तांब्याचा कलश उतरतो, जरीचे सोने जाते.

सॅच्युरेशनचेही तसेच. लाल शालू अधिक लाल करायला गेले, की लाल चॅनल सर्वांत आधी क्लिप होतो आणि पदरावरची वीण सपाट रंगात बुडते. व्हायब्रन्स मुळात फिक्या असलेल्या रंगांवर जास्त काम करतो आणि त्वचेला सांभाळून घेतो. रंग थोडे खुलवायचे असतील तर नवख्याने आधी तो वापरावा.

रिटचिंगसाठी एक साधा नियम पुरेसा आहे. जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार आहे, ते काढा: पुटकुळी, ओरखडा, पसरलेले काजळ. तीळ, जुना व्रण, आजीच्या कपाळावरचे गोंदण यांना हात लावू नका. काम मूळ फोटोवर न करता वेगळ्या लेअरवर करा, म्हणजे उद्या मागे येता येते. आणि अधूनमधून फोटो 100 टक्क्यांवर पाहा. त्वचेची रंध्रे नाहीशी झाली असतील, तर स्मूदनिंग जास्त झाले आहे.

शेवटची तपासणी कागदावर. मॉनिटर फार प्रखर ठेवला की फोटो पडद्यावर उजळ दिसतो आणि लॅबमधून काळपट येतो. काही फोटोंच्या 4×6 प्रिंट काढून पडद्याशेजारी धरल्या, की नवख्याला हा फरक कायमचा कळतो. अल्बमचा हिशेबही तेव्हाच शिकवावा. 12×36 इंची पानावर एकच फोटो पसरायचा, तर 24 मेगापिक्सेलच्या 6000×4000 फोटोतून 6000×2000 एवढाच तुकडा वापरता येतो, म्हणजे इंचाला जेमतेम 167 पिक्सेल. अशा फोटोत आणखी क्रॉपला जागा नसते, आणि मधल्या घडीवर कोणाचा चेहरा येऊन चालत नाही.

गिऱ्हाईकच गोरे करून मागते, असे अनेक मित्र सांगतात. काही जण मागतात, हे खरे आहे. त्यांच्याशी बोलणे हे मालकाचे काम. ते ओझे शिकाऊ मुलावर टाकू नये. पण न मागणाऱ्यांचेही चेहरे आपण सरसकट उजळतो, त्याचे उत्तर मात्र आपणच द्यायला हवे. सावळ्या मुलीला तिच्याच लग्नाच्या अल्बममध्ये दुसऱ्याच रंगाचा चेहरा देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

म्हणून या हंगामात एवढे करा. चेहरे उजळवणारा प्रीसेट स्टुडिओच्या संगणकावरून काढून टाका. नवख्याला पहिला आठवडा फक्त रॉ फाइली, ग्रे कार्ड आणि हिस्टोग्राम द्या. कामाला थोडा वेळ जास्त लागेल. पण त्या मुलाच्या हाती खरे कसब येईल, आणि ज्यांचे लग्न आपण टिपले, ती माणसे अल्बममध्ये स्वतःसारखी दिसतील.