कणीस सोलल्याशिवाय विस्तवावर नको



चातुर्मास लागला की रेणापूरच्या बाजारात कोवळी कणसं येतात आणि मोबाईलवर सल्ले: "पानांसकट भाजा, पानांसकट उकडा, वास छान येतो." मला हे अजिबात पटत नाही. मीही कितीतरी वर्षं तसंच उकडायचे. एकदा उकडल्यावर पानं सोलली, तर टोकाशी मेलेली अळी. पाणी गाळून पिणारी मी, आणि ही हिंसा माझ्याच कुकरात!

२०१८ पासून तर मक्यावर अमेरिकन लष्करी अळीही आली आहे. ती कणसात शिरते. वरून कधी काहीच कळत नाही. मग "दिसलं नाही" ही सबब कशी चालेल? न बघणं हाच प्रमाद.

दिवसाउजेडी पानं सोला, केस काढा, टोक नीट बघा. अळी असेल तर तिला धक्का न लावता तेवढा तुकडा कापून झाडाखाली ठेवा. मग खुशाल भाजून मीठ-लिंबू लावा, किंवा किसून जिरं-मिरचीच्या फोडणीत दूध घालून शिजवा. आलं-लसूण लागतच नाही. सूर्यास्ताआधी खा.

मी कॉमर्सची; हिशेब सरळ मांडते. जमेला थोडा वास, नावे एक जीव. हा व्यवहार तोट्याचाच.