परिषद गेली, अंतर तेवढेच राहिले : रशियातील कोश-अगाच जिल्ह्याचा धडा

२० मार्च २०२५ रोजी रशियाचे राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली. युद्धाच्या बातम्यांच्या गर्दीत या कायद्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. पण तीनच महिन्यांत, जून २०२५ मध्ये, दक्षिण सैबेरियातील अल्ताई गणराज्यात लोक त्याच प्रश्नावर रस्त्यावर उतरले. राजधानी गोर्नो-अल्ताइस्कमध्ये हजारोंची सभा झाली आणि मंगोलियाकडे जाणारा महामार्ग अडवला गेला. आंदोलनांवर कडक बंधने असलेल्या देशात, ग्रामपरिषदा वाचवण्यासाठी लोक एवढी जोखीम का पत्करतात? हे समजून घ्यायचे तर तिथला एखादा जिल्हा जवळून पाहावा लागतो. त्यासाठी आपण या गणराज्याच्या दक्षिण टोकाचा कोश-अगाच जिल्हा घेऊ.

जमीन अफाट, माणसे मोजकी

कोश-अगाचचे क्षेत्रफळ १९,८४५ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे युरोपातील स्लोव्हेनिया या देशाएवढे. स्लोव्हेनियात वीस लाखांहून अधिक लोक राहतात, कोश-अगाचमध्ये साधारण १८ ते १९ हजार. एका चौरस किलोमीटरमागे एक माणूससुद्धा येत नाही. दक्षिणेला चीन, आग्नेयेला मंगोलिया, नैऋत्येला कझाकस्तान आणि पूर्वेला रशियाचेच तुवा गणराज्य, अशा सीमांमध्ये हा जिल्हा वसला आहे.

जिल्ह्याचे मुख्य ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंचीवर, चुया नदीच्या कोरड्या पठारावर आहे. तिथे वर्षाला दीडशे मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो आणि जानेवारीत पारा उणे ३० अंशांच्या आसपास असतो. शेती जवळजवळ नाही. मेंढ्या, घोडे, याक आणि उंट यांवर संसार चालतो. त्यामुळे कुरण कोणाचे, गवत कोणी कापायचे, हिवाळ्यात कळप कुठे ठेवायचा, हेच इथले खरे राजकारण असते.

लोकसंख्येत निम्म्याहून अधिक कझाक आहेत. बाकीच्यांत बहुसंख्य अल्ताई, आणि त्यातही तेलेंगित समाजाचे लोक. तेलेंगितांना २००० साली रशियाच्या अल्पसंख्य मूलनिवासी समाजांच्या यादीत स्थान मिळाले. अल्ताई लोकांमध्ये १९०४ साली ‘बुरखान’ नावाने ओळखली जाणारी धार्मिक चळवळ उभी राहिली. तिच्यावर मंगोलियातून आलेल्या बौद्ध परंपरेचा प्रभाव होता. ‘बुरखान’ हा शब्द मंगोल भाषेत बुद्धासाठी वापरला जातो. एका विरळ वस्तीच्या जिल्ह्यात भाषा, धर्म आणि समाज यांचे एवढे वैविध्य आहे.

दोन स्तर होते, एक उरला

रशियात जिल्ह्याला ‘रायोन’ म्हणतात. २००३ च्या कायद्याने तिथे दोन स्तर ठेवले होते : वर रायोन आणि खाली ग्राम वसाहती. ग्राम वसाहत म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था. तिला निवडून आलेली परिषद, प्रमुख आणि लहानसे अंदाजपत्रक असे. कोश-अगाचमध्ये अशा बारा वसाहती होत्या. संपूर्ण गणराज्यात दहा जिल्हे आणि एक शहर.

नव्या कायद्याचा मूळ मसुदा डिसेंबर २०२१ मध्ये आला. त्यात खालचा स्तर देशभर रद्द करण्याचा विचार होता. तातारस्तानसारख्या प्रदेशांतून विरोध झाला, मसुदा तीन वर्षे रेंगाळला, आणि अखेर दोन स्तर ठेवायचे की नाही हे प्रदेशांवर सोडण्यात आले. अल्ताई गणराज्याने एकच स्तर ठेवण्याचा मार्ग निवडला. म्हणजेच दोन स्तर ठेवण्याची मोकळीक कायद्यात असूनही ती वापरली गेली नाही. लोकांचा राग मॉस्कोइतकाच गणराज्याचे प्रमुख आंद्रेई तुर्चाक यांच्यावरही होता, तो यामुळेच. तुर्चाक हे आधी प्स्कोव प्रांताचे राज्यपाल आणि नंतर सत्ताधारी पक्षाचे पदाधिकारी होते. २०२४ मध्ये त्यांना बाहेरून अल्ताईत आणले गेले.

सरकारी बाजूही समजून घेतली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. ग्राम वसाहतींकडे स्वतःचे उत्पन्न नगण्य होते, त्या वरून येणाऱ्या अनुदानावर जगत. २०१४ च्या दुरुस्तीने त्यांचे बरेच अधिकार आधीच रायोनकडे गेले होते. काहीशे माणसांच्या गावाला प्रशिक्षित हिशेबनीस मिळणे कठीण असते. दाखले आणि अर्ज आता ‘गोसुस्लुगी’ या सरकारी पोर्टलवर होतात. मग वेगळी परिषद कशाला, असा हा युक्तिवाद आहे.

बचत कोणाची, खर्च कोणाचा?

समाजशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या युक्तिवादात एक गोष्ट सुटते. विरळ वस्तीच्या प्रदेशात अंतर हाच प्रशासनाचा सर्वात मोठा खर्च असतो. कार्यालय बंद केले म्हणून तो खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त सरकारच्या वहीतून नागरिकाच्या खिशात जातो. जाझातोर हे गाव जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणापासून डोंगरी रस्त्याने शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. कोश-अगाचपासून गोर्नो-अल्ताइस्क साडेचारशे किलोमीटरहून अधिक, आणि गणराज्यात रेल्वे नाही. जी तक्रार गावातल्या परिषदेत उभे राहून मांडता येत होती, तिच्यासाठी आता एक संपूर्ण दिवस, गाडी आणि पेट्रोल लागते. ज्याच्याकडे हे नाही, त्याची तक्रार घरीच राहते.

दाखला ऑनलाइन मिळू शकतो. पण दोन कुटुंबांमधला कुरणाचा वाद पोर्टलवर मिटत नाही. गावाशेजारची जमीन पर्यटनासाठी कोणाला द्यावी की देऊ नये, हेही पोर्टल ठरवत नाही. अल्ताईत पर्यटनाचा पैसा वेगाने येतो आहे, आणि आंदोलकांच्या बोलण्यात जमिनीची भीती सारखी येत होती. परिषद गरीब असली तरी त्या जमिनीवर ‘नाही’ म्हणणारा एक अधिकृत आवाज गावाकडे होता.

दुसरा मुद्दा उत्तरदायित्वाचा. रशियाच्या राज्यघटनेचे कलम १२ सांगते की स्थानिक स्वराज्य संस्था राज्यसत्तेच्या यंत्रणेचा भाग नाहीत. २०२० च्या घटनादुरुस्तीने मात्र दोघांनाही ‘सार्वजनिक सत्तेच्या एकात्म व्यवस्थेत’ बसवले. नव्या कायद्यानुसार प्रदेशप्रमुखाने सुचवलेल्या उमेदवारांतून स्थानिक प्रमुख निवडण्याची पद्धत वापरता येते आणि प्रदेशप्रमुख त्याला पदावरून काढूही शकतो. अशा प्रमुखाची नजर साहजिकच वर असते. गावात उरतो तो नेमलेला कर्मचारी, ज्याला गावकरी मतदानाने बदलू शकत नाहीत.

कोश-अगाचला दूरवर घेतलेल्या निर्णयांचा अनुभव नवा नाही. १९९३ मध्ये याच जिल्ह्यातील उकोक पठारावर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा बर्फात टिकलेला देह सापडला. तो नोवोसिबिर्स्कला नेण्यात आला. ती आमची पूर्वज आहे, असे स्थानिक लोक म्हणत राहिले. तिला गोर्नो-अल्ताइस्कच्या संग्रहालयात परत यायला २०१२ साल उजाडले. चीनकडे जाणारी वायुवाहिनी याच पठारावरून नेण्याची योजनाही अनेक वर्षे टेबलावर होती. २७ सप्टेंबर २००३ च्या मोठ्या भूकंपात बेल्तिर गाव उद्ध्वस्त झाले आणि गावकऱ्यांसाठी वेगळ्या जागी नवे बेल्तिर वसवावे लागले. अशा प्रत्येक प्रसंगी लोकांना आधी हवी असते ती जवळची, आपली म्हणता येईल अशी संस्था.

पुढे काय पाहायचे

नव्या व्यवस्थेकडे जाण्याची मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत आहे. हा बदल यशस्वी झाला की नाही, हे वाचलेल्या रुबलांवरून ठरवू नये. त्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. जिल्हा परिषदेत जाझातोर किंवा कोकोर्यासारख्या दूरच्या गावांना हक्काचे प्रतिनिधित्व मिळते का? गावाच्या जमिनीचा निर्णय घेण्यापूर्वी गावाचा होकार बंधनकारक राहतो का? आणि अनुदान ठरवताना फक्त डोकी मोजतात, की अंतरही मोजतात?

तिन्हींचे उत्तर नकारार्थी आले, तर प्रशासन स्वस्त झाले असे म्हणता येणार नाही. ते फक्त लांब गेले असेल. माणसे कमी आहेत म्हणून त्यांचा हक्कही कमी, हा हिशेब लोकशाहीत मान्य होऊ शकत नाही. अल्ताईच्या लोकांनी महामार्ग अडवून मांडले ते इतकेच.