विश्लेषण : लकव्याच्या रुग्णासाठी मेंदूतील ‘आम्लाचे दार’ का महत्त्वाचे?

मराठवाड्यात ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, त्या लकव्यात बहुतेक वेळा मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. मानवत तालुक्यातील केकरजवळा किंवा ताडबोरगावच्या रुग्णाला वाहन मिळवून अशी सोय असलेले रुग्णालय गाठेपर्यंत यातला बराच वेळ निघून जातो. म्हणूनच चेतापेशींवरील एका संशोधनाचे महत्त्व महानगरांपेक्षा अशा तालुक्यांना अधिक आहे.

पेशी मरतात कशाने?

रक्तपुरवठा थांबला की पेशी प्राणवायूविना साखर वापरू लागतात आणि लॅक्टिक आम्ल साचते. एरवी ७.३ च्या आसपास असणारा मेंदूतील सामू ६.५ किंवा त्याखाली घसरतो. चेतापेशींच्या आवरणात आम्ल वाढताच उघडणारी सूक्ष्म दारे असतात. त्यांना आयन-वाहिन्या म्हणतात. त्यांतून सोडियम आत शिरते. ‘एएसआयसी१ए’ या प्रकारातून कॅल्शियमही शिरते. कॅल्शियम प्रमाणाबाहेर गेले की पेशीचा नाश सुरू होतो.

प्रयोगशाळेत काय दिसले?

अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी उंदराच्या मेंदूतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून २००४ मध्ये हे दाखवून दिले. या वाहिनीचे जनुक नसलेल्या पेशी आम्लातही तगल्या. त्रिनिदादच्या एका मोठ्या कोळ्याच्या विषातील प्रथिनाने हे दार बंद केले, तेव्हाही नुकसान घटले. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन कोळ्याच्या विषातील ‘एचआय१ए’ या घटकाने लकव्यानंतर आठ तासांनी देऊनही उंदरांच्या मेंदूची हानी कमी केली.

मग अडचण काय?

उंदरावर चालले ते माणसावर चालेलच असे नाही. ग्लुटामेट रोखणारी औषधेही प्राण्यांत यशस्वी ठरली होती. माणसांवरील चाचण्यांत ती अपयशी ठरली. शिवाय प्रत्यक्षातला रुग्ण अनेकदा वयस्कर असतो, त्याला रक्तदाब आणि मधुमेह असतो. त्यामुळे आशा ठेवावी, पण औषध सापडले अशी हाकाटी नको.

आपण काय मागावे?

साडेचारऐवजी आठ तास मिळाले, तर त्याचा खरा लाभ उशिरा पोहोचणाऱ्यालाच होईल. त्यामुळे अशा औषधाच्या चाचण्या भारतात झाल्या, तर त्यांत केवळ वेळेत आलेले शहरी रुग्ण नकोत. ग्रामीण भागातून उशिरा आलेलेही हवेत. नाहीतर ज्यांना गरज आहे, त्यांच्याविषयीच उत्तर मिळणार नाही. तोवर तालुक्याच्या जवळ चोवीस तास सीटी स्कॅन मिळावा, ही मागणी लावून धरायला हवी. आणि तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर अंग चोळत बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा. आत आम्ल साचत असते, ते थांबत नाही.